परक्या तालुक्यात आपली मंडळी शोधताना

अंबाजोगाईला मेडिकल, उदगीरला व्हेटरनरी, परभणीला कृषी विद्यापीठ, तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूट. कुठंही प्रवेश मिळाला की कागदपत्रं, होस्टेल आणि मेसच्या धावपळीत पहिला आठवडा निघून जातो. रविवार उजाडला की प्रश्न पडतो, इथं चर्च कुठं आहे? अंबाजोगाईत बसून मोबाइलवर 'चर्च' शोधलं तर कदाचित पन्नास-साठ किलोमीटरवरचं लातूर समोर येईल. तेवढ्यावरून कितीतरी मुलंमुली ठरवून टाकतात की या गावात आपलं कुणी नाही, आणि मग पाच वर्षं होस्टेलच्या खोलीत मोबाइलवरची उपासना पाहत काढतात. हे टाळता येतं. त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्या: लहान गावात मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती लोक, इमारतीवरून सापडत नाहीत, माणसं विचारत गेलं की सापडतात.

निघण्याआधी घरच्या चर्चमधून काय घ्यावं

आपल्या पाळकांकडून किंवा फादरांकडून एक पत्र घ्या. चर्चच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, दोन प्रती. त्यात पूर्ण नाव, बाप्तिस्म्याची तारीख आणि ठिकाण, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा कन्फर्मेशनचा विधी) झालं असल्यास त्याची तारीख, तुम्ही प्रभुभोजन घेणारे सभासद आहात की नाही, आणि कुठल्या कॉलेजला किती वर्षांसाठी चालला आहात, एवढं असलं की पुरे. बाप्तिस्म्याच्या दाखल्याची झेरॉक्स सोबत ठेवा. मूळ दाखला घरीच राहू द्या.

हे पत्र म्हणजे नुसती औपचारिकता, असं समजू नका. लहान मंडळीत प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. अनोळखी मुलगा दोन रविवार येऊन बसला की वडीलधाऱ्यांच्या मनात शंका येतेच: हा कोण, कशासाठी येतोय, कुणी पाठवलाय का? गेल्या काही वर्षांत प्रार्थनासभांबद्दल तक्रारी आणि वाद झाल्यामुळे लोक अधिकच जपून वागतात. पत्र दिलं की ती भिंत पहिल्याच दिवशी पडते. पुढं पीजी करताना लग्न ठरलं, तर तिथल्या चर्चशी असलेलं नातं दाखवायलाही याच नोंदी कामी येतात.

पत्र घेतानाच पाळकांना विचारा, "त्या भागात तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?" पाळकांचं जाळं मोठं असतं. सेमिनरीत सोबत शिकलेले, बदलीवर गेलेले, सोयरीक जुळलेले असे कितीतरी जण निघतात. तिथून मिळालेला एक फोन नंबर तासभराच्या इंटरनेट शोधापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

कुठली मंडळी कुठं असण्याची शक्यता

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथं मिशनरी कामाला एकच एक उगम नाही. अहमदनगरच्या बाजूनं अमेरिकन मराठी मिशनचा प्रभाव आला. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीनं काम केलं. जालन्यात स्कॉटिश मिशनचे नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वस्ती उभी केली. हैदराबाद-बिदरकडून मेथडिस्ट आले. हा इतिहास इथं सांगण्याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. बिदरला लागून असलेल्या पट्ट्यात एखाद्या कुटुंबाचं चर्च मेथडिस्ट निघेल आणि प्रार्थनेत कन्नड-तेलुगू शब्द ऐकू येतील; गोदावरीच्या वरच्या अंगाला लोकांची नाती नगरकडे जातील. कुणाला काय विचारायचं हे त्यावरून ठरतं.

दुसरी खूण छावणीची. औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, ही निजामाच्या राज्यातल्या 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेची ठाणी होती. अशा गावांत छावणीचा भाग, जुनी दफनभूमी आणि 'मिशन कंपाउंड' म्हणून ओळखली जाणारी जागा आहे का, हे आधी शोधा. पाटी पडलेली असते, झाडी वाढलेली असते, पण आजूबाजूच्या घरांना माहिती असते.

आज मोठ्या छत्र्या ढोबळमानानं अशा. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन झाली. तिचा मराठवाडा धर्मप्रांत आहे. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीतून वेगळा झाला. हैदराबाद-बिदरकडचे मेथडिस्ट सीएनआयमध्ये गेले नाहीत, ते वेगळेच आहेत. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) आहे, शनिवारी उपासना करणारे ॲडव्हेंटिस्ट आहेत, आणि पेंटेकॉस्टल व स्वतंत्र मंडळ्या तर पुष्कळ. या शेवटच्या गटाची घरातली किंवा भाड्याच्या हॉलमधली उपासना नकाशावर जवळजवळ कधीच दिसत नाही.

तुम्ही केरळहून किंवा ईशान्य भारतातून अखिल भारतीय कोट्यातून आला असाल तर तुमच्यासाठी थोडं वेगळं. सिरो-मलबार आणि सिरो-मलंकरा चर्च रोमशी एकरूप आहेत, त्यामुळे इथल्या लॅटिन परंपरेच्या मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) तुम्ही ख्रिस्तप्रसाद निःसंकोच घेऊ शकता. मारथोमा चर्चचा सीएनआयशी पूर्ण सहभाग आहे, म्हणून मारथोमा विद्यार्थ्याला सीएनआयचं प्रभुभोजन घेता येतं. ऑर्थोडॉक्स विद्यार्थ्यांना ही सोय नाही. त्यांनी आपल्या धर्मप्रांताला फोन करून जवळच्या शहरात कुर्बाना (त्यांची प्रभुभोजनाची उपासना) कधी होतो ते विचारावं. नागालँड-मिझोरमच्या बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन मुलांना सीएनआयची उपासना ओळखीची वाटेल, अडचण फक्त भाषेची. त्यावर उपाय सोपा आहे. त्या रविवारचे बायबलपाठ आदल्या रात्री पाळकांना विचारून घ्या आणि आपल्या भाषेत वाचून या. मग प्रवचनातले निम्मे शब्द कळले नाहीत तरी धागा सुटत नाही.

गावात पोचल्यावर कुणाला विचारावं

सर्वांत आधी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांना. नर्सिंगमध्ये ख्रिस्ती स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ओपीडीच्या गर्दीत विचारू नका, ड्युटी बदलायच्या वेळी जा: "सिस्टर, इथं रविवारची उपासना कुठं असते?" त्यांना स्वतःला माहीत नसेल तरी कुणाला विचारायचं ते त्या सांगतील.

गावात कॉन्व्हेंट शाळा असेल तर फाटकावरच्या वॉचमनला विचारा की फादर कधी येतात. काही कॉन्व्हेंटच्या छोट्या प्रार्थनागृहात सकाळी लवकर मिस्सा होते. ते सिस्टरांचं, म्हणजे धर्मभगिनींचं घर असतं हे लक्षात ठेवा. थेट आत न जाता सुपीरिअर सिस्टरांची परवानगी घ्या. मुलींना ती सहज मिळते. मुलांना बहुधा तालुक्याच्या चर्चला जायला सांगतात.

तिसरा मार्ग दफनभूमीचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण हा मार्ग क्वचितच चुकतो. ख्रिस्ती दफनभूमी कुठं आहे ते नगरपालिकेत किंवा जुन्या रिक्षावाल्याला विचारा. तिची देखभाल करणारं कुणीतरी कुटुंब असतं. त्या कुटुंबाला गावातलं प्रत्येक ख्रिस्ती घर माहीत असतं, पंथ कुठलाही असो.

मोबाइलवर शोधायचंच असेल तर शब्द बदलून पाहा: 'ख्रिस्त मंदिर', 'प्रार्थना मंदिर', 'प्रार्थना भवन', 'मंडळी', 'मिशन'. पाट्यांवर 'चर्च' हा शब्द असेलच असं नाही. नकाशावरच्या वेळांवर विश्वास ठेवू नका. त्या कुणीतरी एकदा भरलेल्या असतात आणि उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी उपासना सकाळी लवकर सरकते. साडेदहाला पोचावं आणि लोक घरी परतताना दिसावेत, हे एप्रिल-मेमध्ये हमखास घडतं.

विद्यार्थी संघटनाही आहेत. कॉलेजांतले इव्हँजेलिकल युनियनचे गट यूईएसआय (UESI) या १९५४ सालच्या संघटनेशी जोडलेले आहेत. डॉक्टर आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांची ईएमएफआय (EMFI) आहे, कॅथलिक विद्यार्थ्यांची आयकफ (AICUF) १९२४ पासून आहे. लहान गावात यांची शाखा असेलच असं नाही. पण राज्य पातळीवर ईमेल केलं तर तुमच्या कॉलेजातला एखादा सीनियर किंवा जवळच्या शहरातला माजी विद्यार्थी जोडून देतात. कॉलेजात शोधताना ग्रुपवर जाहीर विचारणा करू नका. 'इथं कुणी ख्रिश्चन आहे का' असा संदेश पाचशे जणांच्या ग्रुपवर टाकला की उत्तर देणारा उघडा पडतो आणि नको त्या चर्चा सुरू होतात. हळू विचारत जा.

पहिला फोन

नंबर मिळाला की शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन करा. रविवारी सकाळी पाळक फोन घेत नाहीत. सोमवार हा बऱ्याच पाळकांचा सुट्टीचा दिवस असतो.

"जय ख्रिस्त, पाळकसाहेब. मी नाशिकच्या सीएनआय मंडळीतला. इथं मेडिकलला पहिल्या वर्षाला आहे. आमच्या पाळकांचं पत्र आणलंय. या महिन्यात उपासना कोणकोणत्या रविवारी आणि किती वाजता आहे?"

या वाक्यात 'कोणकोणत्या रविवारी' हे शब्द मुद्दाम आहेत. मराठवाड्यातला एक पास्टोरेट, म्हणजे एका पाळकाकडे सोपवलेला भाग, म्हणजे एक चर्च नव्हे. तालुक्याचं चर्च आणि त्याच्याभोवती पाच-सहा, कधी त्याहून जास्त खेडी असतात. पाळक एकच असतो, रविवार चार. पहिला रविवार तालुक्याला, दुसरा एखाद्या खेड्यात, अशी फेरी चालते. पाळक नसतील त्या रविवारी कमिटीतलं कुणी किंवा धर्मशिक्षक उपासना चालवतात. कुठं दार बंदही असतं. कॅथलिक धर्मग्रामातही (पॅरिशमध्येही) मुख्य केंद्र आणि उपकेंद्रं अशीच रचना असते. हे न विचारता गेलेला विद्यार्थी नेमका बंद दारासमोर उभा राहतो आणि परत फिरतो.

फोनवर शेवटी एक विनंती करा: "किल्ली कुणाकडे असते, त्यांचा नंबर द्याल का?" लहान चर्चचा खरा आधार किल्ली सांभाळणारं कुटुंब असतं. वेळ बदलली, पाऊस झाला, वीज गेली, कुणी वारलं तर सर्वांत आधी त्यांना कळतं.

पाळकांच्या पत्नीला 'पाळकीणबाई' म्हणा. वयानं मोठ्या लोकांना काका, मावशी, आजी चालतं. नुसत्या नावानं हाक कुणालाच मारू नका, शिपाई असो वा पेटी वाजवणारा मुलगा.

पहिला रविवार

पंधरा मिनिटं आधी पोचा. दारात चपला दिसल्या तर आपल्याही बाहेर काढा. बऱ्याच मराठी मंडळ्यांत पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसतात. आत शिरताना क्षणभर थांबून कोण कुठं बसलंय ते पाहा. मुलींनी ओढणी जवळ ठेवावी, कारण प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. बाकं असतीलच असं नाही. सतरंजीवर दीड तास मांडी घालून बसायची तयारी ठेवा. पेंटेकॉस्टल मंडळीत गाणी, साक्षी (आपला विश्वासाचा अनुभव सांगणं), आराधना आणि प्रवचन मिळून तीन तास सहज होतात. दुपारी वॉर्डात ड्युटी असेल तर दाराजवळ बसा आणि निघायचं आहे हे आधीच कुणाला तरी सांगून ठेवा.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गाण्यासाठी 'उपासना संगीत' वापरतात. गीताचा क्रमांक सांगितला जातो. पुस्तकं बहुतेक लोकांची स्वतःची असतात, म्हणून शेजारच्याच्या पुस्तकात बघून गा आणि महिनाभरात स्वतःचं विकत घ्या. बायबलच्या प्रतींतला फरकही माहीत असू द्या: प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्रात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये ७३. नावं आणि शब्दही वेगळे. एकीकडे बाप्तिस्मा तर दुसरीकडे स्नानसंस्कार. एकीकडे प्रभुभोजन तर दुसरीकडे मिस्सा आणि ख्रिस्तप्रसाद. शब्द चुकला म्हणून कुणी रागावत नाही.

नव्या माणसाला उभं करून ओळख करून द्यायला सांगतात. दोन वाक्यं तयार ठेवा: नाव, घरची मंडळी, कॉलेज. तिथं पाच मिनिटांची साक्ष द्यायची गरज नाही. अर्पणासाठी सुटे दहा-वीस रुपये खिशात ठेवा. विद्यार्थ्याकडून कुणी जास्तीची अपेक्षा करत नाही, आणि पाचशेची नोट टाकून लक्ष वेधून घेणंही बरं नव्हे.

प्रभुभोजनाच्या बाबतीत आधी विचारणं हेच योग्य. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तप्रसाद कॅथलिकांनाच मिळतो. इतरांनी जागेवर शांत बसून राहावं, त्यात अपमान काही नाही. कॅथलिकांनी तो घेण्याआधी किमान एक तास काही खाऊ नये, पाणी आणि औषध चालतं. होस्टेलचा नाश्ता नऊला आणि मिस्सा साडेनऊला, तर नाश्ता नंतर. रविवारी ड्युटी असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, ती कुठं होते का ते विचारा. मुक्तिफौजेत प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा हे विधी नाहीत, त्यामुळे तिथं या गोष्टींची वाट पाहू नका.

उपासना संपल्यावर लगेच निघू नका. खरी ओळख बाहेर, चपला घालताना होते. चहाला बोलावलं तर जा. नाही म्हणायचंच असेल तर "पुढच्या रविवारी नक्की येतो" असं म्हणा आणि पुढच्या रविवारी जा.

एका रविवारावरून ठरवू नका

इथंच बहुतेक जणांची गाडी अडते. शहरातून आलेली मुलं पहिल्या रविवारी पाहतात की वीसएक माणसं आहेत, बहुतेक म्हातारी, गाणी संथ, माइक खरखरतोय. मग परत येत नाहीत. पास्टोरेटची फेरी महिन्याची असते म्हणून निदान चार रविवार सलग जा. पाळक असतानाचा आणि नसतानाचा, प्रभुभोजनाचा आणि साधा, असे सगळे रविवार पाहिल्याशिवाय ती मंडळी कशी आहे ते कळतच नाही.

ऋतूही लक्षात घ्या. बीड आणि आसपासच्या तालुक्यांत मंडळीत ऊसतोड कुटुंबं असतील तर दिवाळीच्या आगेमागे ती कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. नोव्हेंबरात पहिल्यांदा गेलेल्या विद्यार्थ्याला ते चर्च ओसाड वाटतं. तेच चर्च जूनमध्ये भरलेलं दिसतं. पेरणीच्या आठवड्यातही हजेरी रोडावते. याचा अर्थ श्रद्धा आटली असा लावणं फार अन्यायाचं होईल.

गावात एकच चर्च असेल आणि ते तुमच्या पंथाचं नसेल तरी तिथं जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कॅथलिकाला मिस्सेचं बंधन आहे; त्यानं महिन्यातून जमेल तितक्या वेळा मिस्सा होते तिथं जावं आणि उरलेल्या रविवारी जवळच्या भावंडांसोबत बसावं. पाच वर्षं एकट्यानं काढण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. फक्त एक मुद्दा आधी स्पष्ट करून घ्या: काही पेंटेकॉस्टल मंडळ्या बालपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बाप्तिस्मा घेण्याबद्दल विचारतात. सीएनआयमध्ये बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत, पुन्हा बाप्तिस्मा मात्र नाही. असा प्रश्न आला तर घरच्या पाळकांशी बोलल्याशिवाय हो म्हणू नका. "मी पाहुणा म्हणून येतो, प्रार्थनेत सोबत असेन" एवढं उत्तर आदरानं दिलं की चांगला पाळक समजून घेतो.

चर्च खरोखरच नसेल तर

दोन गोष्टी एकत्र करा: महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या चर्चला जाणं, आणि आठवड्यातून एकदा गावातच लहानशी संगती.

जिल्ह्याला जाण्यासाठी सकाळची पहिली एसटी पकडा आणि परतीची वेळ आदल्या दिवशी डेपोत विचारून ठेवा, रविवारी काही फेऱ्या कमी असतात. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मुलींनी दोघी-तिघींनी मिळून जावं आणि दिवस मावळायच्या आत परत यावं. होस्टेलच्या वहीत कारण आणि ठिकाण खरं लिहावं.

संगतीसाठी तीन माणसं पुरतात. आठवर गेली की दोन गट करा. दिवस आणि वेळ ठरलेली, लांबी ४५ मिनिटं: दहा मिनिटं गाणी, पाच मिनिटं एक स्तोत्र मिळून वाचणं, पंधरा मिनिटं शुभवर्तमानातला एक उतारा आणि त्यावर बोलणं, पंधरा मिनिटं एकमेकांसाठी प्रार्थना. घड्याळ लावून थांबा. ४५ची ९० मिनिटं झाली की मेडिकलची मुलं पहिली गळतात.

जागेचा विचार नीट करा. होस्टेलच्या खोलीत वॉर्डनच्या परवानगीशिवाय असे कार्यक्रम घेऊ नका. भाड्याच्या खोलीत असाल तर घरमालकाला आधी सांगा. माइक आणि स्पीकर नको. सर्वांत चांगली जागा म्हणजे गावातल्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाचं घर, मग ते दवाखान्यातल्या सिस्टरांचं असो की शिक्षकांचं. घरात वडीलधारं माणूस असलं की मुलामुलींच्या एकत्र बसण्यावरही कुणी बोट ठेवत नाही.

असे गट मोडतात ते ठरलेल्या कारणांनी. एक उत्साही सीनियर सगळं चालवतो, तो पास होऊन जातो आणि गट संपतो. म्हणून वेगवेगळ्या वर्षांतले दोन जण जबाबदार ठेवा. गट हळूहळू एकाच भाषेचा होतो आणि बाकीचे बाहेर पडतात. म्हणून प्रत्येक वेळी निदान एक गीत मराठीत असू द्या. नारायण वामन टिळकांच्या भजनांपासून सुरुवात करा. पेटी नसली तरी टाळ्यांवर जमतात. आणि गटाची वेळ कधीही रविवार सकाळी ठेवू नका. गावात उद्या उपासना सुरू झाली तर तुमचा गट तिच्या आड यायला नको.

जिथं थांबून विचार करावा

स्वतंत्र मंडळ्यांतले कितीतरी पाळक अत्यंत प्रामाणिक आहेत, स्वतः मोलमजुरी करून मंडळी सांभाळतात. तरीही काही गोष्टी दिसल्या तर मागं व्हा. औषधं थांबवायला सांगणं ही पहिली. प्रार्थना आणि उपचार दोन्ही हवेत. इन्सुलिन, फिटची किंवा टीबीची गोळी सोडायला सांगणारा माणूस जिवाशी खेळतो. आई-वडिलांशी बोलणं तोडायला सांगणं ही दुसरी. फी किंवा शिष्यवृत्तीच्या पैशांतून दशांशाचा (दहावा भाग देण्याचा) तगादा ही तिसरी. तारण फक्त आमच्याच मंडळीत, असं म्हणणं ही चौथी.

शांतपणे तीन प्रश्न विचारता येतात. पाळकांचं शिक्षण कुठं झालं? त्यांच्यावर देखरेख कुणाची? पैशांचा हिशेब कोण पाहतं? नोंदणीकृत न्यासाचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक असतो आणि पावती मिळते. नवी, लहान मंडळी नोंदणीकृत नसेल तर तेवढ्यावरून ती वाईट ठरत नाही, पण हिशेब दाखवायला तिची हरकत नसावी.

एक नाजूक बाब सांगणं भाग आहे. होस्टेलमधला एखादा बिगरख्रिस्ती मित्र तुमच्यासोबत यायला लागेल, कदाचित बाप्तिस्म्याबद्दल विचारेल. घाई अजिबात करू नका. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. उपासनेला बसणं वेगळं आणि बाप्तिस्मा घेऊन नोंदवहीत नाव लागणं वेगळं. दुसऱ्याचा परिणाम त्याच्या जातप्रमाणपत्रावर, राखीव जागेवर आणि शिष्यवृत्तीवर होऊ शकतो. त्याला हे सगळं माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. त्याला पाळकांकडे न्या, घरच्यांशी बोलू द्या, वेळ घेऊ द्या. माहिती लपवून कुणाला पाण्यात उतरवणं हे ख्रिस्ताच्या मार्गाशी बेइमानी आहे.

डिसेंबर आणि त्यानंतर

मंडळीत मिसळण्याचा उत्तम काळ म्हणजे नाताळआधीचे दहा-पंधरा दिवस. कॅरलची टोळी रात्री घरोघरी जाते. त्या फेरीत सामील झालात की गावातली सगळी ख्रिस्ती घरं, त्यांची मुलंबाळं, कोण आजारी, कोण एकटं, हे चार रात्रींत कळतं. स्वेटर, टॉर्च आणि गाण्यांची वही घेऊन जा. डिसेंबरात परभणीची थंडी चांगलीच बोचते. परीक्षा असेल तर एकच रात्र जा, पण जा.

गुड फ्रायडेला महाराष्ट्रात सुट्टी असते, २०२७ साली तो २६ मार्चला आहे. दुपारची उपासना लांब चालते, पाणी जवळ ठेवा. सप्टेंबरात ८ तारखेच्या सुमारास श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. मराठवाड्यातून भाविक तिकडे जातात, धर्मग्रामातून कुणी निघत असेल तर त्यांच्यासोबत जाता येईल का ते विचारा.

स्थिरावल्यावर काम मागा, पण लहान. संडे स्कूलच्या मुलांना गाणं शिकवणं, म्हाताऱ्यांची औषधांची चिठ्ठी समजावणं, सतरंज्या घालणं, पेटी येत असेल तर वाजवणं. पहिल्या वर्षी उपासनेची पद्धत बदलण्याच्या सूचना देऊ नका. प्रोजेक्टर आणि इंग्रजी कोरसपेक्षा त्या लोकांना तुमचं वेळेवर येणं जास्त मोलाचं वाटतं.

शेवटच्या वर्षी दोन कामं आठवणीनं करा. पाळकांकडून पुढच्या गावासाठी तसंच पत्र घ्या, म्हणजे ही शोधाशोध पुन्हा शून्यापासून नको. आणि एका कागदावर पाळकांचा, किल्लीवाल्या कुटुंबाचा आणि त्या सिस्टरांचा नंबर, उपासनेचे रविवार, उन्हाळ्याची वेळ आणि होस्टेलपासूनचा रस्ता लिहून, नंबर देण्याआधी त्यांना विचारून, पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या.